योग्य क्षणी दिलेला घास

मराठी घरातला कुत्रा सहसा उपाशी राहत नाही. उरलेली भाकरी, भाताची खरवड, दुधात कुस्करलेली पोळी यांत त्याचा वाटा असतोच. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन खाली उतरणारी माणसंही बहुतेक सोसायट्यांत एक-दोन तरी सापडतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट ऐकत आपण वाढलो. तेव्हा कुत्र्याला खायला द्यावं, हे सांगण्यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नव्हती. ते केव्हा द्यावं, हे नीट समजावून सांगणारं पुस्तक मात्र मराठीत हवं होतं.

रात्रीची जेवणं चालू असतात. टेबलाखालचा कुत्रा आधी नुसता बघत राहतो, मग कुंईकुंई करतो, मग एकदाच मोठ्याने भुंकतो. आजोबा पोळीचा तुकडा मोडतात आणि ‘घे रे बाबा, आता गप्प बस’ म्हणत खाली धरतात. कुत्रा गप्प होतो. आजोबांना वाटतं, आपण त्याला गप्प केलं. कुत्र्याला कळलेलं असतं ते एवढंच, की बघून काही मिळालं नाही, कुंईकुंई करूनही नाही, भुंकल्यावर मात्र पोळी आली. दुसऱ्या दिवशी तो आधीच्या दोन पायऱ्या गाळतो आणि थेट भुंकतो. त्याच घरात दुपारभर तो दाराशी शांत पडून होता. त्याबद्दल त्याला कोणी काही दिलं नाही, कारण शांत कुत्रा कोणाच्या नजरेत भरत नाही.

प्रशिक्षण म्हटलं की मैदान, शिट्टी आणि खणखणीत हुकूम डोळ्यांसमोर येतात. पण टेबलाखालचं हे प्रशिक्षण घरोघरी रोज नकळत चालू असतं आणि ते फार परिणामकारक असतं. ज्या कृतीला लागून घास येतो ती कृती वाढते. गेल्या सव्वाशे वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं, ज्या पद्धती निघाल्या, जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. ती नुसती पटून भागत नाही, अंगवळणी पडावी लागते. या पुस्तकातली सगळी धडपड त्यासाठी आहे.

खाऊ देऊन शिकवणं ही हल्लीची टूम आहे, असं जुनी माणसं म्हणतात. तसं नाही. अमेरिकेत एस. टी. हॅमंड या शिकारी कुत्र्यांच्या जाणकाराने १८८२ मध्येच पुस्तक लिहून, कुत्र्याला मारून वठणीवर आणण्यापेक्षा चांगल्या वागण्याबद्दल खायला देऊन शिकवावं, असा आग्रह धरला होता. हॅमंड अनुभवाने बोलत होता. त्यामागचं कारण प्रयोगाने दाखवलं ते एडवर्ड थॉर्नडाइकने. त्याने भुकेलं मांजर खोक्यात कोंडलं आणि खाणं बाहेर ठेवलं. आत एखादी दोरी ओढली किंवा पट्टी दाबली गेली की दार उघडे. पहिल्या खेपेला मांजर ओरबाडतं, चावतं, अंग घासतं आणि त्या धडपडीत कधीतरी दोरी ओढली जाते. पुढच्या खेपांत फुकटची धडपड हळूहळू गळत जाते आणि दोरी लवकर ओढली जाते. मांजराला एकाएकी काही उमगलं, असा क्षणच त्यात दिसत नाही. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम निघाला. ज्या कृतीचं फळ सुखद, ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते.

त्याच सुमारास रशियात इव्हान पावलोव्ह पचनक्रियेवर काम करत होता. १९०४ चं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या संशोधनासाठी. कुत्र्याच्या तोंडात अन्न येण्याआधीच, नुसत्या चाहुलीने, लाळ सुटते हे त्याच्या ध्यानात आलं आणि पुढची कितीतरी वर्षं त्याने त्याच प्रश्नाला दिली. फ्रीजचं दार उघडल्याबरोबर दुसऱ्या खोलीतून धावत येणारा कुत्रा ज्याने पाहिला आहे, त्याला पावलोव्हचा शोध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातलं महत्त्वाचं एवढंच, की ज्या आवाजाला स्वतःचा काही अर्थ नाही, त्या आवाजाला अन्नाशी जोडून अर्थ देता येतो.

बी. एफ. स्किनरने हे दोन धागे एकत्र आणले. १९३८ च्या त्याच्या ग्रंथाने या शास्त्राची परिभाषा घडवली, पण घरात कुत्रा पाळणाऱ्याला १९५१ मध्ये त्याने सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलेला लेख अधिक उपयोगाचा आहे. मुलांच्या खेळण्यातली टिकटिक वाजणारी डबी घ्या, ती वाजवून लगेच खाऊ द्या, असं पुष्कळदा करा. मग ती टिकटिक हेच बक्षीस होईल, असं त्याने सामान्य वाचकाला सांगितलं होतं. आज क्लिकर म्हणून जी वस्तू पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते, तिची कल्पना या लेखात जशीच्या तशी आहे.

ही टिक कशासाठी, हे समजलं की निम्मा विषय समजला. कुत्र्याला ‘बैस’ शिकवायचं आहे. वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा चिमटीत धरून तुम्ही त्याच्या नाकाशी नेता आणि तिथून सावकाश वर, कपाळावरून मागे. नाक हाताच्या मागोमाग वर जातं, मान मागे झुकते आणि मागचे पाय आपोआप दुमडतात. बूड जमिनीला टेकतं. आता तुम्ही खिशात हात घालणार, पिशवीची गाठ सोडणार, तुकडा काढणार, वाकणार, त्यात दोन-तीन सेकंद गेले. तेवढ्यात कुत्रा उठून तुमच्या गुडघ्यावर पाय ठेवतो आणि घास त्या वेळी त्याच्या तोंडात पडतो. घास बसण्यासाठी होता, मिळाला उडी मारण्याला. बूड टेकल्याच क्षणी टिक वाजली असती तर खाऊ दोन सेकंद उशिरा आला असता तरी चाललं असतं, कारण टिकने तो क्षण आधीच वेगळा काढून ठेवला असता. क्लिकरच हवा असं नाही. तोंडाने केलेला ‘टक्’ किंवा ‘छान’ हा छोटा शब्दही चालतो. तो दरवेळी तसाच, त्याच सुरात उच्चारला पाहिजे आणि त्यामागून घास आला पाहिजे. मेंदूच्या अभ्यासातूनही या अनुभवाला आधार मिळाला आहे. वोल्फ्राम शुल्ट्झने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की शिकणं पक्कं झाल्यावर डोपामिनच्या पेशी फळाच्या रसाला तेवढा प्रतिसाद देत नाहीत, रस येणार हे सांगणाऱ्या खुणेला देतात.

स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर काढलं. १९४० च्या दशकात त्यांनी प्राणी शिकवण्याचा व्यवसायच सुरू केला आणि कोंबड्या, डुकरं, ससे, रकून अशा असंख्य प्राण्यांना जाहिरातींसाठी आणि प्रदर्शनांसाठी शिकवलं. या दांपत्याबद्दल मला विशेष आदर आहे तो त्यांनी १९६१ मध्ये लिहिलेल्या एका निबंधामुळे. आपल्या पद्धतीचं अपयश त्यांनी त्यात स्वतःहून मांडलं. डुकराला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं, तर काही आठवड्यांनी ते नाणं वाटेत टाकून नाकाने उकरत बसे. रकून दोन नाणी हातात घेऊन एकमेकांवर घाशी आणि सोडायला तयार होत नसे. बक्षीस हातचं जात असूनही प्राणी आपापल्या उपजत सवयींकडे घसरत होते. खाऊने वाटेल ते करून घेता येतं, असं सांगणाऱ्याला हा निबंध वाचायला द्यावा. कारवान किंवा पश्मी जातीचा कुत्रा पळणाऱ्या सशामागे सुटला तर त्याच्या डोक्यात त्या क्षणी पनीरच्या तुकड्याला जागा नसते. त्या जाती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या धावण्यासाठीच निवडल्या. अशा कुत्र्याला मोकळं पळायला मिळणं हेच मोठं बक्षीस होऊ शकतं. जे करायला आवडतं त्याची संधी देऊन जे कमी आवडतं ते शिकवता येतं, हा नियम डेव्हिड प्रेमॅकने १९५९ मध्ये मांडला. पट्टा न ओढता दहा पावलं चाललास, तर त्या झाडाचा वास घ्यायला सोडतो. असं बक्षीस फुकट मिळतं आणि त्याने वजनही वाढत नाही.

हे सगळं ठाऊक असताना विसाव्या शतकातला बहुतेक काळ कुत्रे शिकले ते धाकाने. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक आलं. पोलिसी आणि लष्करी श्वानपथकांवर त्याची छाप दीर्घकाळ राहिली. कृतीला लागून परिणाम यायला हवा हे मोस्टला नेमकं कळलं होतं, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठी समज होती. पण त्याच्या हत्यारांत पट्ट्याचा हिसका आणि चाबूक होते. अमेरिकेत १९६२ मध्ये विल्यम कोलरचं पुस्तक निघालं आणि चोक चेनचा झटका घरोघरी पोचला. खड्डे खणणाऱ्या कुत्र्यासाठी, तोच खड्डा पाण्याने भरून त्यात त्याचं डोकं दाबावं असा सल्ला त्यात आहे. कोलर अडाणी नव्हता. डिस्नेच्या चित्रपटांसाठी त्याने कुत्रे तयार केले होते आणि त्याचे कुत्रे खरोखर शिकत. धाकानेही शिकणं होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर कुत्रा आणखी काय काय शिकतो, हा प्रश्न आहे.

धाकाला शास्त्राची झूल चढली ती लांडग्यांमुळे. रुडॉल्फ शेंकेलने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये कळपातल्या वर्चस्वाच्या भांडणांचं वर्णन केलं. ते लांडगे कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेकच्या १९७० च्या गाजलेल्या ग्रंथातून ‘अल्फा’ची कल्पना सर्वदूर गेली आणि कुत्रा हा घरातला लांडगा, त्याला सतत नेता व्हायचं असतं, म्हणून मालकाने आधी नेता व्हावं, असं तर्कट तयार झालं. न्यू स्कीटच्या मठवासी साधूंनी १९७८ मधल्या पुस्तकात कुत्र्याला उलथा पाडून दाबून धरण्याचा उपाय दिला. या दोन्ही गोष्टी ज्यांनी मांडल्या त्यांनीच पुढे मागे घेतल्या. मेकने कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं. साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत तो उपाय काढून टाकला. आपल्याकडे मात्र ‘मालक कोण ते त्याला कळलं पाहिजे’ हे वाक्य अजून रोज ऐकू येतं. कुत्रा आधी दारातून बाहेर पडला, सोफ्यावर चढला, पट्टा ओढला, की या प्रत्येक गोष्टीत बंड दिसतं. दारापलीकडे वास असतात आणि सोफा मऊ असतो, यापलीकडे त्याला कारण लागत नाही. या पुस्तकात मी एका गोष्टीवर ठाम आहे. कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ लावताना वर्चस्व हा शब्द शेवटी यावा, आणि बहुधा येऊच नये.

वळण मिळालं ते समुद्रातून. १९६० च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवू लागली. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, हिसका देता येत नाही आणि रागावलं तर तो पोहत दूर जातो. शिट्टी आणि मासा, एवढ्यावरच भागवावं लागतं. १९८४ मध्ये आलेल्या ‘डोन्ट शूट द डॉग’ या तिच्या पुस्तकाने हा अनुभव जमिनीवर आणला आणि १९९० च्या दशकात क्लिकर अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या वर्गांत शिरला. इयन डनबार या मूळच्या ब्रिटिश पशुवैद्याने दुसरी तितकीच मोठी गोष्ट केली. त्या वेळी कुत्रा सहा महिन्यांचा झाल्याशिवाय शिकवायला घेत नसत, कारण त्याआधी पिल्लाची मान हिसके सोसत नाही. खाऊने शिकवायचं तर थांबायचं कारणच नव्हतं. डनबारने १९८० च्या दशकात लहान पिल्लांचे मोकळे, पट्ट्याविना वर्ग सुरू केले आणि पिल्लाच्या आयुष्यातले पहिले तीन महिने किती मोलाचे आहेत हे लोकांना पटवलं.

आज या क्षेत्रात डोकावणाऱ्या नवख्या माणसाला तीन-चार गोटातले लोक भेटतील. काही जण आमिष दाखवून हालचाल घडवतात आणि मग आमिष काढून घेतात. घरगुती शिकवणीला ही रीत सगळ्यांत सोपी. काही जण हात लावत नाहीत, दाखवतही नाहीत. कुत्र्याने आपणहून केलेली हालचाल टिपतात आणि इच्छित कृतीकडे जाणारं एकेक पाऊल टिकने वेचत जातात. यात वेळ लागतो, पण कुत्रा स्वतः डोकं चालवायला शिकतो आणि ते पाहण्यात फार आनंद असतो. काही जण स्वतःला संतुलित म्हणवतात. खाऊही देतात आणि चोक चेन किंवा विजेचा सौम्य झटका देणारा पट्टाही वापरतात. अलीकडे कुत्र्याला कमी हुकूम आणि जास्त निवड द्यावी म्हणणारा एक प्रवाहही आला आहे. त्याचं बरंचसं मला पटतं, पण पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर ‘ये’ म्हटल्यावर न येणारा कुत्रा गाडीखाली जाऊ शकतो, हे विसरून चालत नाही.

संतुलित म्हणवणाऱ्यांचा दावा असा, की अवघड कुत्र्याला शिक्षेशिवाय पर्याय नाही. त्यावर आता अभ्यास झाले आहेत. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या एका गटाने वेगवेगळ्या शाळांतल्या ९२ कुत्र्यांची तुलना केली. शिक्षेच्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त होती, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसोल अधिक वाढलेलं होतं आणि अनोळखी जागी ठेवलेल्या भांड्याकडे ते कमी उत्सुकतेने जात, जणू त्यात काही नसणारच. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांवर विजेच्या पट्ट्याची परीक्षा घेतली. बोलावल्यावर न येणं यासारख्या तक्रारी असलेले हे कुत्रे होते, म्हणजे जिथे पट्टा लागतोच असं म्हणतात नेमके तेच. खाऊने शिकवलेले कुत्रे मागे राहिले नाहीत, उलट हुकमाला अधिक चटकन प्रतिसाद देऊ लागले. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये, वर्तनाच्या तक्रारींसकट सर्व शिकवणीसाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे हे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला मारहाण करण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये.

खाऊच्या पद्धतीवरचे आक्षेपही मी टाळलेले नाहीत. ‘खाऊ दिसला तरच ऐकतो’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. कारण खाऊ आधी दाखवला जातो. कुत्रा बघतो, हिशेब करतो आणि मग ठरवतो. असा खाऊ लाच होतो. पाच-सहा वेळा हातात तुकडा घेऊन बसवलं की सातव्यांदा तीच हालचाल रिकाम्या हाताने करावी आणि बक्षीस दुसऱ्या हातातून, खिशातून, पुढे पुढे शेजारच्या खोलीतल्या डब्यातून यावं. सवय पक्की झाली की प्रत्येक वेळी देण्याचीही गरज उरत नाही. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेल्या बक्षिसाने सवय अधिक टिकते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं. फक्त ‘ये’ या हुकमाला मी कधीच कंजुषी करत नाही आणि वाचकांनीही करू नये.

दुसरा आक्षेप वजनाचा आणि तब्येतीचा. दिवसाच्या एकूण उष्मांकांतला दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग खाऊचा नसावा. रोजच्या जेवणातलाच थोडा भाग शिकवणीसाठी काढून ठेवला तर हिशेब आपोआप जुळतो. उकडलेलं चिकन, कलेजी, अंडं, पनीर, गाजर, उकडलेलं रताळं हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात मिळतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेली कुठलीही वस्तू कुत्र्याला विषारी आहे. शिऱ्यातले बेदाणे आणि भाजीतला कांदा यांची आठवण घरातल्या प्रत्येकाने ठेवावी.

तिसरा आक्षेप बाहेरून फारसा येत नाही, म्हणून मीच मांडतो. हे शास्त्र भुकेल्या प्राण्यांवर उभं राहिलं. प्रयोगातल्या कबुतरांचं वजन मुद्दाम नेहमीच्या सुमारे ८० टक्क्यांवर ठेवत. आजही काही प्रशिक्षक कुत्र्याला दिवसभर उपाशी ठेवून संध्याकाळी ‘खाऊने’ शिकवतात आणि सौम्य पद्धतीचं नाव लावतात. ज्याला पोट भरण्यासाठी हुकूम पाळावा लागतो, त्याला निवड कुठे आहे? कुत्र्याचं जेवण हा त्याचा हक्क आहे. खाऊ त्याच्या वरचा असला पाहिजे.

आणि खाऊच सर्व काही नाही. अमेरिकेत फॉयरबाखर आणि विन या संशोधकांच्या प्रयोगांत खाऊपुढे कौतुकाचे शब्द फारच फिके पडले. अंगावरून फिरणारा हात मात्र कुत्र्यांना नुसत्या शब्दांपेक्षा पुष्कळ प्रिय होता. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते आपल्या देशातलं काम. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांच्या बाबतीत वारंवार दिलेल्या खाण्यापेक्षा वारंवार कुरवाळणं अधिक उपयोगी पडलं. ज्यांना लोक ‘हाड’ म्हणून दगड मारतात, त्यांच्यासाठी मायेचा हात ही अन्नापेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. कृती शिकवायला घास चांगला, नातं जुळायला हात. रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी ‘बैस’ शिकवायला घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि हात फिरवतानाही त्याच्याकडे बघावं. त्याने मान वळवली, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर त्याला ते नको आहे.

बक्षिसाची ताकद किती, हे महाराष्ट्राने मार्च १९९३ नंतर पाहिलं. मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रेडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि शेकडो डिटोनेटर हुडकले. २००० मध्ये तो कर्करोगाने गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. वासाचं काम शिकवण्याचं तत्त्व साधं आहे. विशिष्ट वास सापडला की चेंडू किंवा खाऊ मिळतो, आणि पुढे कुत्रा वासाचा माग आनंदाने काढतो. स्फोटकं कुठे आहेत हे माणसाला माहीत नसताना कुत्र्याला धाकाने ती शोधायला लावणार कसं? त्याला शोधावंसं वाटलं पाहिजे. टांझानियातली अपोपो ही संस्था याच रीतीने, टिक आणि केळ्याच्या बळावर, मोठ्या आफ्रिकी उंदरांना भूसुरुंग हुंगायला शिकवते. त्यांच्यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधल्या पीडीएसए संस्थेचं सुवर्णपदक मिळालं.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी भीतीला दिला आहे. दिवाळीच्या रात्री पलंगाखाली थरथरणारा कुत्रा पाहिलेल्यांना त्याचं कारण विचारावं लागणार नाही. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं किंवा खाऊ दिला तर भीती वाढते, असा समज घट्ट रुजला आहे. तो चुकीचा आहे. भीती ही कृती नाही, ती अवस्था आहे. घासाने तिला उत्तेजन मिळत नाही. मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि मुलगा सशाला कुरवाळू लागला. फटाक्यांसाठी हेच करायचं, पण गणपतीच्याही आधीपासून. आवाज मोबाइलवर इतका बारीक की कुत्र्याचा फक्त कान हलावा, आणि त्यामागोमाग त्याला एरवी कधीच न मिळणारा खाऊ. आवाज आधी, घास नंतर; हा क्रम उलटला तर खाऊच भीतीची सूचना ठरतो. कुत्र्याने खाणं सोडलं, तर आवाज जास्त झाला आहे असं समजावं. ज्यांची भीती फार खोल आहे त्यांना पशुवैद्याकडून औषधं घ्यावी लागतात. त्यात कमीपणा काही नाही.

हा विषय आज निकडीचा आहे, कारण कुत्र्यांबरोबरचं आपलं राहणंच बदललं आहे. पूर्वी कुत्रा अंगणात असे, वाडीवर असे. त्याची ओढाताण, भुंकणं, उकरणं त्या जागेत सामावून जाई. आता तो सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसाचे आठ-नऊ तास एकटा असतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना खेटून उभा राहतो आणि त्याच्या भुंकण्यावर सोसायटीच्या सभेत ठराव होतात. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हा कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि त्यांना घाबरणारे यांच्यातली कटुता सगळ्यांनी पाहिली. त्या वादाचं उत्तर प्रशिक्षणात आहे असा माझा दावा नाही. तो नसबंदीचा, लसीकरणाचा आणि कचऱ्याचा प्रश्न आहे. पण पाळलेला प्रत्येक कुत्रा लिफ्टमध्ये शांत उभा राहिला आणि लहान मुलाच्या अंगावर उडी न मारता बसला, तर शेजाऱ्याच्या मनातली भीती थोडी तरी कमी होते. शिवाय प्रशिक्षक अशी पाटी लावायला आपल्याकडे कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. चांगला कोण आणि फक्त दरडावणारा कोण, हे पालकाला स्वतःच ओळखावं लागतं. ते कसं ओळखावं, याचीही चर्चा पुढे आहे.

हे पुस्तक करामती शिकवत नाही. लिफ्ट, दारावरची बेल, पट्ट्याने चालणं, एकटं राहणं, नखं कापून घेणं, दवाखान्याचं टेबल, रिक्षा, फटाके अशा रोजच्या प्रसंगांभोवती ते रचलं आहे. परदेशी पुस्तकांतलं मागचं कुंपणाचं अंगण आपल्याकडे नाही, हे धरूनच सराव सुचवले आहेत, आणि गावठी कुत्र्याचा विचार विलायती जातींच्या आधी केला आहे. चावणाऱ्या कुत्र्यावरचा उपचार यात मुद्दाम ठेवलेला नाही. ते काम कुत्र्याला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय करू नये. आधी नीट बसणाऱ्या कुत्र्याने एकाएकी बसायचं सोडलं किंवा हात लावल्यावर गुरगुरू लागला, तर पुस्तक मिटून पशुवैद्याकडे जावं. कंबर किंवा सांधा दुखत असण्याची शक्यता मोठी असते.

पहिला धडा सुरू करण्याआधी एक काम घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे. आई ‘खाली बस’ म्हणते, बाबा ‘सिट’ म्हणतात, धाकटी ‘बैस ना रे’ म्हणते आणि कुत्रा तिघांकडे बघत राहतो. एक शब्द ठरवा, एक खूण ठरवा, कागदावर लिहून फ्रीजवर लावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही ते सांगून ठेवा, कारण दिवसातला बराच वेळ कुत्रा त्यांच्याच मागे फिरत असतो आणि त्यांच्या हातूनही त्याला काही ना काही मिळत असतं.